तीस टक्के

१६ मे २०२१. तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकत होते. मालवणात वीज गेलेली आणि देवबागच्या बहिणीशी बोलता बोलता माझा चार वर्षांचा फोन बंद पडला. पडद्यावर तीस टक्के चार्ज दिसत होता. तिच्या घरात पाणी शिरले की नाही, हे दुसऱ्या दिवशी कळले. शेजारचे काका म्हणाले, "म्हातारो झालो तो. आता तेका जास्त पळवू नको."

तीस टक्के उरलेले असताना फोन मरतो कसा, या प्रश्नामागे मी पुढे बरेच महिने लागलो. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी दोन तऱ्हांनी म्हातारी होते. तिची साठवण घटते, हे सर्वांना ठाऊक असते. पण तिचा अंतर्गत रोधही वाढतो, आणि खरी मेख तिथे आहे. जुन्या घराच्या टाकीत पाणी असते, पण नळी क्षाराने बुजलेली. एक नळ सोडला तर चालते, चार सोडले की धार तुटते. फोनचा प्रोसेसर क्षणभर जोर लावतो, तेव्हा असे चार नळ एकदम सुटतात. व्होल्टेज घसरते आणि आतले भाग वाचवण्यासाठी फोन स्वतःच बंद होतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो. उष्णतेने बॅटरी लवकर झिजते, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर होडीत, उन्हात ठेवलेल्या फोनचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

काकांचा सल्ला अ‍ॅपलने आधीच अमलात आणला होता. २०१६ मध्ये आयफोन ६एस अचानक बंद पडू लागल्याच्या तक्रारी आल्या. जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये कंपनीने जुन्या बॅटरीच्या फोनमधल्या प्रोसेसरचा जोर गरजेप्रमाणे आवरता घेतला. उपाय योग्यच होता. फक्त फोन का मंदावला, हे वापरणाऱ्याला कुणी सांगितले नाही. लोक नवा फोन घेत राहिले, जिथे नवी बॅटरी पुरली असती. डिसेंबरमध्ये गीकबेंच या वेगमापक चाचणीचे जॉन पूल यांनी हजारो फोनांच्या गुणांचे आलेख मांडले. एकाच मॉडेलच्या आलेखात एका शिखराच्या जागी खाली खाली अनेक शिखरे उमटली होती. काही दिवसांतच कंपनीने कबुली दिली, २८ डिसेंबरला माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. मार्च २०१८ मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारा पडदा आला, आवर काढून टाकण्याची सोयही. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो फोन मंदावल्याबद्दल नव्हे, तर ग्राहकांना न सांगितल्याबद्दल.

माझा फोन त्या कंपनीचा नव्हता. तो ना मंदावला, ना त्याने इशारा दिला. वीज आल्यावर बाजारात त्याची बॅटरी बदलून घेतली. जुनी वड्यासारखी फुगली होती. फोन अजून चालतो. वारा उठला की मी आधी तो पूर्ण चार्ज करतो, मग देवबागला लावतो.