विषपरीक्षेंतील पशुपक्षी

विषान्न ओळखण्यासाठीं राजगृहांत पशुपक्षी बाळगावेत, असें आपले प्राचीन ग्रंथकार सांगतात. हीं वचनें अभ्यासकांच्या परिचयाचीं आहेत. परंतु तीं परस्परांशीं ताडून पाहिलीं म्हणजे एक निराळीच गोष्ट ध्यानांत येते.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाचा विसावा अध्याय, सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिला अध्याय व वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील सूत्रस्थानाचा सातवा अध्याय, अशा तीन ठिकाणीं ही यादी आढळते. चकोराच्या नेत्रांची लाली उतरते व क्रौंच उन्मत्त होतो, याविषयीं तिघांचें एकमत आहे. पुढें मात्र फाटे फुटतात. कौटिल्याच्या मतें जीवंजीवक ग्लान होतो आणि कोकिळ मरतो. सुश्रुतांत याच्या उलट जीवजीवक मरतो व कोकिळाचा केवळ स्वर बिघडतो. वाग्भट पडला वैद्य. तेव्हां त्यानें सुश्रुताचा पक्ष घ्यावा, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. पण त्याचाही जीवंजीव ग्लान होतो व कोकिळ प्राण सोडतो! म्हणजे या दोन पक्ष्यांपुरता तो कौटिल्याच्या बाजूस आहे. हा भेद प्रत्यक्ष अवलोकनांतून उत्पन्न झाला असें मानणें कठीण. यादी एका पाकशाळेंतून दुसरींत न जातां एका पोथींतून दुसरींत गेली, असेंच म्हणावें लागतें.

शिवाय विषान्न नुसतें दृष्टीस पडतांच पक्ष्यांना विकार होतात, असें दोन्ही वैद्यग्रंथ म्हणतात. यास शरीरशास्त्राचा आधार नाहीं. विष शरीरांत शिरल्यावांचून मज्जातंतूंवर त्याचा अंमल होत नाहीं.

एवढ्यावरून सर्व प्रकरण कविकल्पना म्हणून टाकून द्यावें काय? मला तसें वाटत नाहीं. राजाच्या अन्नांतून काढलेला सविष बलि खाणाऱ्या माश्या व कावळे तेथेंच मरतात, असें सुश्रुतानें या यादीपूर्वींच सांगितलें आहे. ही खरी परीक्षा होय. आणि यादींतील लक्षणें पाहा: क्रौंचाचा मद, कोकिळाची स्वरविकृति, हंसाचें अडखळणें, हरणाचे अश्रु, वानराचें मलविसर्जन. मरणापूर्वीं प्राण्याची चाल, स्वर व वर्तन कसें पालटतें, इकडे कोणीतरी बारकाईनें लक्ष दिलें होतें. मज्जातंतूंना उत्तेजित करणाऱ्या कांहीं विषांनीं अश्रु व मल अनावर होतात, हें आज प्रयोगसिद्ध आहे. लक्षणें पाहिलेलीं, त्यांची निरनिराळ्या प्राण्यांत केलेली वांटणी मात्र परंपरेची, असा माझा तर्क आहे.

वाग्भटाच्या यादींत मांजरही आहे. तें उद्विग्न होतें. येथें जपानांतील मिनामाताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्या गांवीं चिस्सो कंपनीचा कारखाना पाऱ्याचें विष असलेलें सांडपाणी समुद्रांत सोडीत असे. सन १९५६ च्या मे महिन्यांत मनुष्यांच्या रोगाची अधिकृत नोंद झाली. त्यापूर्वींच तेथील मासे खाणारीं मांजरें झोकांड्या खात, गरगर फिरत व तडफडून मरत. कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनीं १९५९ सालीं तें सांडपाणी अन्नांत मिसळून मांजरास चारलें. ऑक्टोबर महिन्यांत ४०० क्रमांकाच्या मांजरांत तींच लक्षणें उमटलीं. कंपनीनें हा निष्कर्ष दडपला आणि विष १९६८ पर्यंत वाहत राहिलें. होसोकावांची साक्ष झाली ती १९७० सालीं, रुग्णशय्येवर. १९७३ च्या निकालानें कंपनी भरपाईस पात्र ठरली.

पाकशाळेवर नेमावयाच्या वैद्याचे गुण सुश्रुतानें मोजले आहेत. त्यांत तो ‘अलुब्ध’ असावा, तसाच ‘सुभृत’, म्हणजे चांगलें वेतन देऊन पोसलेला असावा, असें आहे. वेतन देणाराच विष कालवीत असेल तर वैद्यानें काय करावें, याचा विचार तेथें नाहीं. त्या पाकशाळेंत जेवणारा व वेतन देणारा एकच, तो राजा. विष यावयाचें तें शत्रूकडून.