रसग्रंथांतील कासीस व लोहाचें कार्बोनेट

सन १९०७ सालीं शंकर दाजी शास्त्री पदे यांच्या पुढाकारानें अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया नाशिक क्षेत्रींच घातला गेला. अशा क्षेत्रांतील संग्राहकांचें लक्ष वैद्यकाच्या बाडांकडे जावें हें साहजिक आहे. परंतु बाडांची यादी करतांना लोहाच्या कृतीपुढें 'लोहाचें कार्बोनेट' असा खुलासा लिहिण्याचा मोह होतो. तो कितपत ग्राह्य आहे, हें पाहण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

हा पदार्थ खाणींतहि सांपडतो. शुद्ध खनिजांत शेंकडा सुमारें ४८ भाग लोह असतें. तो करावयाचा झाल्यास हिराकस पाण्यांत विरघळवून त्यांत धुण्याच्या सोड्याचें पाणी ओततात. पांढरा सांका तत्काळ तळीं बसतो. मात्र हवा लागतांच तो हिरवट व अखेरीस गंजासारखा तांबूस होतो. म्हणून युरोपांतील औषधशाळांत तो साखरेंत घोटून ठेवीत. फ्रेंच वैद्य ब्लो यानें १८३२ च्या सुमारास पांडुरोगावर प्रचारांत आणिलेल्या गोळ्या याच तत्त्वावरच्या होत.

आतां आपले ग्रंथ पाहूं. रसरत्नसमुच्चयांत कासीसाची गणना उपरसांत असून त्याचे वालुकाकासीस व पुष्पकासीस असे दोन भेद सांगितले आहेत. कासीस म्हणजे हिराकस. तो गंधकाम्लाचा क्षार होय, कार्बोनेट नव्हे. मुंड, तीक्ष्ण व कांत या लोहांचें भस्म करतांना त्यांस वारंवार अग्निपुटें देतात. कार्बोनेट अशा अग्नींत टिकत नाहीं. त्यांतील वायु निघून जातो व तांबडें ऑक्साइड उरतें. तेव्हां पुटें दिलेल्या भस्मास हें नांव देणें युक्तीस धरून नाहीं.

भ्रमाचें एक मूळ इंग्रजी पुस्तकांतच आहे. लंडनच्या जुन्या औषधिकोशांत 'कार्बोनेट' म्हणून दिलेला पदार्थ बव्हंशीं गंजच होता. १८३६ च्या आवृत्तींत तें नांव बदलून ऑक्साइडवाचक करण्यांत आलें. सबब समासांत हा इंग्रजी शब्द आढळल्यास तो मूळ लेखकाचा न मानतां मागाहूनच्या हाताचा समजावा, व त्यावरून मूळ पोथीचा काळ ठरवूं नये.

हिराकस व सज्जीखार पाण्यांत एकत्र करून, अग्नि न देतां सांका घेण्याची कृति एखाद्या जुन्या बाडांत मिळाली, तर मात्र प्रश्नाचा फेरविचार करावा लागेल. तोंपर्यंत यादींत मूळ शब्द, कृति व आजची ओळख हीं तीन निरनिराळ्या रकान्यांत लिहावीं, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे. ओळख चुकल्यास ती पुढें सुधारतां येते. मूळ शब्द एकदां पुसला गेला म्हणजे पुराव्यास कायमचें मुकावें लागतें.