तबकडीवरील नांव आणि तबकडींतील नाद

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं बखरी, ताम्रपट व दप्तरांतील रुमाल डोळ्यांपुढें येतात. ग्रामोफोनची तबकडी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वस्तुतः तीही एक दप्तरच होय, आणि इतर दप्तरांप्रमाणें कांहीं सांगते व कांहीं लपविते. मधल्या कागदी चकतीवरील मजकूर तर पुष्कळदां अर्धाच असतो.

येथें उस्मानपुऱ्यांत आमच्या संग्रहीं सी. रामचंद्र यांच्या जुन्या तबकड्या आहेत. त्यांच्या लगत जमैका बेटांतील 'स्का' संगीत ऐकण्याचा उद्योग आम्हीं आरंभिला, तेव्हां दोहोंकडील पितळी वाद्यांचा घोष ऐकून नवल वाटलें. स्का जन्मास आला किंग्स्टन शहरीं, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. त्यांत गिटार किंवा पियानो यांचा तुटक आघात मात्रेवर न पडतां दोन मात्रांमधल्या पोकळींत पडतो. आपल्या कानास प्रथम वाटतें, कोणाची तरी सम चुकली. चार गाणीं ऐकल्यावर पाय आपोआप हलूं लागतो.

त्यापूर्वीं तेथील लोक अमेरिकन तबकड्यांवर नाचत. मोठमोठे कर्णे लावून नाच भरविणाऱ्यांत इतकी चुरस असे कीं, क्लेमंट डॉड यानें एका लोकप्रिय तबकडीवरील छापील नांव खरवडून काढिलें व तिला आपल्याच टोपणनांवावरून नवें नांव दिलें. प्रतिस्पर्ध्यास ती मिळूं नये, एवढाच हेतु! याच डॉडनें पुढें १९६३ सालीं 'स्टुडिओ वन' उघडला, आणि स्काच्या कितीएक तबकड्या तेथेंच मुद्रित झाल्या.

त्या तबकड्यांवरील वादकांचें मूळ मात्र नाचघरांत नाहीं. कॅथॉलिक जोगिणींनीं गरीब मुलांसाठीं चालविलेली 'अल्फा' नांवाची शाळा किंग्स्टनमध्यें होती. तिच्या बँडांत मुलें वाद्यें शिकत. १९६४ सालीं निघालेल्या 'स्काटलाइट्स' वाद्यवृंदांतील डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, जॉनी मूर व लेस्टर स्टर्लिंग हे चौघे तेथलेच. त्या शाळेंतील सिस्टर इग्नेशियस स्वतः तबकड्या जमवीत, हें वाचून आम्हांस बरें वाटलें. घरच्या मंडळींना दाखविण्यास एक साधुत्वाचा आधार सांपडला.

हाच प्रकार गोमंतकांत घडला होता. पोर्तुगीज अमदानींत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलिपि वाचण्यास व व्हायोलिन वाजविण्यास शिकवीत. शिक्षण प्रार्थनेसाठीं, पोट मात्र भरावयाचें मुंबईच्या हॉटेलांत, व पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ मुंबईंत 'चिक चॉकलेट' या नांवानें ट्रंपेट वाजवी. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, हे १९१८ सालीं आमच्या शेजारच्याच जिल्ह्यांत, पुणतांब्यास जन्मले. चिक त्यांचा साहाय्यक झाला. भगवान यांच्या 'अलबेला' (१९५१) चित्रपटांत तर चिकची मंडळी पडद्यावरही दिसते. तबकडीवर त्यांना जागा नाहीं.

यानें चितळकरांची थोरवी उणी होत नाहीं, चाल त्यांचीच. परंतु ट्रंपेटचा तो उसळता तुकडा कोणाच्या श्वासाचा, वाद्यांचे निरनिराळे भाग कागदावर कोणीं उतरविले, हें चकती सांगत नाहीं. आणि ज्यांना सांगतां आलें असतें ते एकेक करून गेले. ग्रेगरी बूथ यांनीं वादकांना प्रत्यक्ष भेटून लिहिलेला ग्रंथ २००८ सालीं निघाला. चिक १९६७ सालींच वारला होता.

एका गोमंतकीयाचें नांव मात्र घरोघरीं पोंचलें. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे गुरु. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटांतील एका गाण्यांत त्यांचें संपूर्ण नांव गुंफलें गेलें. सारा देश तें गुणगुणूं लागला, आणि या नांवाचा एक हाडामांसाचा वादक गोव्यांत राहतो, हें गुणगुणणाऱ्यांच्या गांवींही नव्हतें.