कचेरीची भाषा आणि घराची भाषा

गोदावरीच्या काठी बासर येथे सरस्वतीचे मंदिर आहे. वसंतपंचमीच्या आणि नवरात्राच्या दिवसांत तेथे लहान मुलांची रीघ लागते. वडील माणसाच्या मांडीवर बसून मूल पाटीवर पहिले अक्षर गिरविते. या विधीस अक्षराभ्यास म्हणतात. नांदेड, धर्माबाद, भैंसा, मुधोळ या बाजूंची मराठी कुटुंबे तेथे येतात, तशीच निजामाबाद व हैदराबादेकडील तेलुगू कुटुंबेही येतात. वाग्देवता एकच, परंतु पाटीवरून उठून ते मूल शाळेत जाऊ लागले, म्हणजे त्याने कोणत्या भाषेत शिकावे, आणि पुढे कचेरीत गेल्यावर कोणत्या भाषेत बोलावे, याचे उत्तर या मुलखात गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आहे. त्या बदलांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

बासर हे गाव आज निर्मल जिल्ह्यात मोडते. निर्मल आपल्याला ठाऊक असते ते लाकडी खेळण्यांमुळे आणि रंगीत चित्रांमुळे. नागपुराहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता गोदावरी ओलांडण्यापूर्वी या गावाजवळून जातो. आसपासच्या डोंगरांत गोंडी, गावात तेलुगू, मोहल्ल्यांत उर्दू आणि पश्चिमेकडे भैंसा-मुधोळच्या पट्ट्यात मराठी, असा हा चार भाषांचा मेळ आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. निर्मल २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होते. त्या वर्षी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले.

निजामाच्या दरबारची भाषा प्रथम फारसी होती. थोरल्या सालारजंगाच्या मृत्यूनंतर, १८८४च्या सुमारास, फारसीच्या जागी उर्दू आली. हा बदल प्रजेस सोपा जावा असे वरवर पाहता वाटते, कारण बाजारात उर्दू सर्वांच्या कानांवर पडतच होती. परंतु बाजारातील उर्दू वेगळी आणि कचेरीतील उर्दू वेगळी. बाजारात जी बोलली जाई ती दखनी. आपल्या ‘नको’चे ‘नक्को’ करून तिने घरात घेतले, आणि शब्दावर जोर देण्यासाठी लागणारा आपला ‘च’सुद्धा तिने उचलला. मराठी कुणबी आणि मुसलमान कापडवाला यांचा सौदा तिच्यात निर्वेधपणे होई. त्यात कोणाचा मान गेला असे कोणास वाटत नसे. कचेरीची उर्दू मात्र उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या अधिकाऱ्यांच्या वळणाची. त्या वळणापुढे दखनी बोलणारा मुसलमानही गावंढळ ठरे, मग मराठी-तेलुगू रयतेची कथा काय! अव्वल तालुकदारापुढे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हाधिकाऱ्यापुढे, गाऱ्हाणे नेणाऱ्यास ते दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागे, आणि आपल्या नावावर काय लिहिले गेले हे त्याचे त्यालाच वाचता येत नसे.

असे असले तरी त्या राज्याने उर्दूसाठी जे एक कार्य केले, ते मोठे होते हे मान्य केले पाहिजे. १९१७ साली अकबर हैदरी यांनी निजामापुढे एक निवेदन ठेविले. परक्या भाषेतून शिकताना विद्यार्थ्याची सारी शक्ती पाठांतरात खर्च होते आणि स्वतंत्र विचारास ती उरत नाही, असा त्याचा आशय होता. त्यातून उस्मानिया विद्यापीठ जन्मास आले आणि १९१९ मध्ये तेथे शिक्षण सुरू झाले. इंग्रजी हा विषय सक्तीचा होता, पण शिक्षणाचे माध्यम उर्दू. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले आणि शास्त्रांची, कायद्याची, वैद्यकाची परिभाषा घडविण्यात आली. ज्या काळी देशातील विद्यापीठे इंग्रजीवाचून विद्या नाही असे मानीत होती, त्या काळी हे धाडस लहान नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी, १९१६ साली, महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी मातृभाषेतून शिकविणारे महिला विद्यापीठ काढले होते. पुण्यातला एक फकिरी वृत्तीचा प्राध्यापक आणि हैदराबादचा धनाढ्य निजाम, या दोघांना जवळजवळ एकाच वेळी एकच गोष्ट सुचली होती.

परंतु हैदरींचा युक्तिवाद जितका बिनतोड होता, तितकाच तो अर्धवट राहिला. संस्थानातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे चौथाई मराठी बोलणारी. उर्दू ज्यांच्या घरची भाषा असे लोक दहांत एखाद-दुसरेच. इंग्रजी परकी म्हणून मुलाच्या बुद्धीवर ओझे पडते, हे जर खरे, तर निर्मलच्या तेलुगू मुलास किंवा मुधोळच्या मराठी मुलास उर्दूचे ओझे होत नव्हते काय? हा प्रश्न विद्यापीठाच्या चालकांनी गंभीरपणे विचारला नाही. परिणाम असा झाला की, जी भाषा बाजारात सर्वांची होती, ती शाळेच्या दारात अनेकांस परकी झाली. संस्थानातील कित्येक तरुण पुणे, मुंबई आणि नागपूर येथे जाऊन इंग्रजीतून शिकले. पुढे हैदराबादचे मुख्यमंत्री झालेले बूर्गुल रामकृष्णराव फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९३८च्या वंदे मातरम् चळवळीनंतर उस्मानियातून बाहेर पडावे लागलेल्या अनेक विद्यार्थ्यांस नागपूरने आश्रय दिला. इंग्रजी ही साहेबाची भाषा खरी. पण या मुलांना तीच मोकळ्या हवेची खिडकी वाटली.

येथवर ऐकून आपणां मराठी माणसांस असे वाटेल की, या कथेत आपण केवळ सोसणारे आहोत. तसे नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेस निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली. स्थळ होते विवेकवर्धिनी, म्हणजे मराठी मंडळींनी १९०७ साली काढलेली शिक्षणसंस्था. आणि अध्यक्ष होते दुसरे कोणी नव्हे, महर्षी कर्वे. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे सभेने शांतपणे ऐकली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहिले, आणि सभेत हुर्यो उडाली. राजधानीच्या नगरीत, तेलुगू मुलखाच्या मध्यभागी, तेलुगू भाषेस हसण्यात आले. त्या अपमानाने व्यथित झालेल्या तेलुगू मंडळींनी लगेच एकत्र येऊन आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटि हनुमंतराव त्यांत अग्रणी होते. तेलंगणातील पुढच्या सर्व जागृतीचे मूळ या प्रसंगात शोधले जाते. मातृभाषेच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारा पुरुष अध्यक्षपदी असताना हे घडावे, यातील बोध विसरण्यासारखा नाही. आपल्या भाषेस दरबारात मान नाही म्हणून जो दुःखी असतो, तोच शेजाऱ्याच्या भाषेस सभेत बोलू देत नाही.

हीच चूक पुढे एका नव्या राष्ट्राने फार मोठ्या प्रमाणावर केली, आणि तिचा एक धागा आपल्या मराठवाड्यातून जातो. मौलवी अब्दुल हक हे उस्मानियाच्या भाषांतर खात्याचे पहिले प्रमुख. त्यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्य अनेक वर्षे औरंगाबादेहून चालविले. मराठी भाषेवर फारसीचा जो संस्कार झाला, त्यावर त्यांनी ग्रंथही लिहिला. फाळणीनंतर ते कराचीस गेले. १९४९ साली तेथे उर्दू माध्यमाचे महाविद्यालय निघाले ते त्यांच्याच प्रयत्नाने. १९६१ मध्ये ते वारले.

पाकिस्तानने उर्दूस राष्ट्रभाषा मानले. परंतु ती तेथील दहांत एकाचीही जेमतेम मातृभाषा होती. मार्च १९४८ मध्ये महंमद अली जिना यांनी ढाक्यात बंगाली श्रोत्यांना बजावले की, राज्याची भाषा उर्दू आणि केवळ उर्दूच राहील. आणि हे त्यांनी सांगितले इंग्रजीत! २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगालीसाठी तरुणांनी गोळ्या झेलल्या. १९५६च्या राज्यघटनेने बंगालीस उर्दूच्या बरोबरीने स्थान दिले, पण मने जुळली नाहीत, आणि १९७१ साली ते राष्ट्र दुभंगले. उरलेल्या पाकिस्तानने १९७३च्या घटनेत पंधरा वर्षांच्या आत इंग्रजीच्या जागी उर्दू आणण्याचे ठरविले. ती मुदत १९८८ साली संपली. २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयास त्या कलमाची सरकारला आठवण करून द्यावी लागली. व्यासपीठावर उर्दूचा अभिमान, मुलांच्या शाळेसाठी इंग्रजीचा ध्यास आणि घरच्या पंजाबीविषयी संकोच, अशी तेथील अनेक सुशिक्षितांची तऱ्हा सांगतात. ऐकून हसू येते. पण “आमच्या मुलाला मराठी वाचता येत नाही” हे वाक्य पुण्या-मुंबईच्या घरांतही खंतीपेक्षा कौतुकानेच अधिक उच्चारले जाते, हे आठवले म्हणजे ते हसू ओठांवरच विरते.

आता पुन्हा निर्मलकडे वळू. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले आणि लवकरच उस्मानियातील उर्दू माध्यमही गेले. मागणी होती मातृभाषेची. उर्दूची जागा मिळाली ती मात्र इंग्रजीस. तीस वर्षे खपून घडविलेली परिभाषा कपाटांत पडली. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे आले, आणि नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबीरचा भाग आंध्र प्रदेशाकडे गेला. सीमेची रेघ कोठेतरी पडावयाचीच होती. पण तिच्या पलीकडे राहिलेल्या मराठी घरांना कचेरीसाठी आणखी एक भाषा शिकणे प्राप्त झाले. तेलंगणाने २०१७ साली उर्दूस राज्याच्या दुसऱ्या राजभाषेचे स्थान दिले. २०२२-२३ पासून तेथील सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणण्यास आरंभ झाला. म्हणजे तेलुगूसाठी झगडलेल्या प्रदेशातही मुलाची पाटी आता इंग्रजीकडे वळली आहे.

यात आईबापांस दोष देणे सोपे आहे. ज्या भाषेत चाकरी मिळते, त्या भाषेकडे लोक वळतात. निजामाच्या काळी ते असेच उर्दूकडे वळले होते. परंतु त्याची किंमत काय पडते, हे याच मुलखात पाहावयास मिळते. जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत, आणि वाद उपस्थित झाला की ते वाचून दाखविणारा शोधत फिरावे लागते. एका पिढीची अधिकाराची भाषा तिसऱ्या पिढीस वाचता येत नाही. आजच्या घराची भाषा जर आपण शाळेत ठेविली नाही, तर आजोबांचे पत्रही उद्या याच रीतीने परक्याकडून वाचून घेण्याची पाळी येईल.

उस्मानियाच्या प्रयोगातील चांगला भाग आपण अजूनही घेऊ शकतो. इंग्रजी विषय म्हणून उत्तम शिकवावी, परंतु आरंभीचे ज्ञान मुलाच्या घरच्या भाषेत द्यावे. त्यातील उणा भागही ध्यानात ठेवावा: घरची भाषा म्हणजे केवळ आपल्या घरची नव्हे. भैंशाच्या मराठी माणसाने आपल्या मुलासाठी मराठी वर्ग जरूर मागावा. त्याच वेळी शेजारच्या गोंड मुलाच्या गोंडीसाठीही शब्द टाकावा, तेलुगू मनापासून शिकावी, आणि बाजारातील दखनीचा तिटकारा करू नये, कारण तिच्या ‘नक्को’त आपलाच ‘नको’ बोलतो आहे. बासरच्या देवळात पुढच्या वसंतपंचमीस मुले पुन्हा पाट्या घेऊन बसतील. शेजारच्या पाटीवरचे अक्षर आपल्याला वाचता येत नसले, तरी तेही त्याच देवीपुढे गिरविलेले असते, एवढे आपण त्या दिवशी मुलांस सांगावे.