अंधारखोलीचे स्थलांतर

आमच्या इंदूरच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर पणजोबांचे एक छायाचित्र आहे. अंगावर उपरणे, शेजारी तिपाईवर उगाचच ठेवलेले एक जाड पुस्तक आणि मागे रंगवलेल्या पडद्यावरचा विलायती बगिचा. अनेक पावसाळ्यांच्या ओलीने चित्राचा वरचा कोपरा व त्यासोबत पगडीचा निम्मा भाग पुसून गेला आहे. गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याने ते मोबाइलवर टिपून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनाकडे दुरुस्तीस दिले. अर्ध्या मिनिटात पणजोबा तजेलदार होऊन परत आले. घरात आनंदीआनंद झाला. आमची नजर मात्र पगडीवर खिळली. होळकरी पगडीच्या जागी राजपुतान्यातील एखाद्या ठाकुराला शोभेल असा साफा पणजोबांच्या मस्तकी विराजमान झाला होता!

ते चित्र आम्ही गल्लीतील एका परिचित छायाचित्रकारास दाखविले. तो हसून म्हणाला, “काका, यंत्राला पगडी ठाऊक नाही. त्याने जे जास्त वेळा पाहिले तेच ते भरून काढते.” पुढे तो असेही म्हणाला की, तशीच साधने तो स्वतः रोज वापरतो आणि त्यांच्यामुळेच गेल्या दोन लग्नसराईंत त्याला रात्रीचे जेवण मुलांसोबत घेता आले. ही दोन्ही विधाने एकाच माणसाच्या तोंडून आल्याने आम्ही या धंद्याच्या इतिहासाकडे वळलो.

इंदूरकरांना हा इतिहास परका नाही. लाला दीनदयाळ हे रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस आले. अंदाजपत्रके व आराखडे करणे हे त्यांचे काम. (आमचीही हयात सरकारी अंदाजपत्रकांत गेली, कॅमेरा मात्र हाती आला नाही, हा भाग वेगळा.) १८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रण हाती घेतले. सर हेन्री डेली यांचे त्यांना उत्तेजन मिळाले, १८८२-८३ मध्ये लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्यांनी मध्य भारतातील वास्तू टिपल्या आणि पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला व तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला.

दीनदयाळांनी आरंभ केला तेव्हा ओल्या काचेचा जमाना होता. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि थर सुकण्यापूर्वी ती धुवून काढायची. दहा-पंधरा मिनिटांत सारे आटोपले पाहिजे. माळव्याच्या उन्हाळ्यात तेवढीही सवड मिळत नसणार. त्यामुळे छायाचित्रकार जाई तिथे त्याची अंधारखोली तंबूच्या रूपाने त्याच्यासोबत जाई. छपाई अल्ब्युमेन कागदावर होई व तिला सूर्यप्रकाश लागे. दिवस मावळला की छपाई बंद. कष्ट अतोनात होते. पण त्या कष्टांना सूर्याने घातलेली एक मर्यादा होती, हे आम्हास विशेष वाटते.

मग एकेक सुधारणा आली. रिचर्ड मॅडॉक्स याने १८७१ साली सुचविलेली जिलेटिनची कोरडी काच दशकभरात बाजारात मिळू लागली व काचेवर थर देण्याचे काम कारखान्यात गेले. १८८८ च्या कोडॅक कॅमेऱ्यात १०० चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली की गिऱ्हाइकाने कॅमेराच कारखान्याकडे धाडावयाचा. दिव्याच्या उजेडात हाताळता येणारे छपाईचे कागद आले आणि सूर्यास्ताची मर्यादा सुटली. येथून स्टुडिओवाल्यांच्या रात्री सुरू झाल्या. त्या रात्रींत निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने सुरकुत्या बुजविणारा रिटचर बसे, तसाच कृष्णधवल चित्रांत शालूचा रंग भरणारा कलावंतही बसे. जुन्या घरांतून आजही दिसणारी ती रंगविलेली चित्रे म्हणजे या अनामिकांची कामगिरी. तेही चित्रात फेरफारच करीत, हे येथे कबूल केले पाहिजे. पण शालू कोणत्या रंगाचा होता, हे ते घरी विचारून घेत.

१९८० नंतर रंगीत फिल्म सर्वत्र झाली व धुलाई-छपाई लॅबकडे गेली. छायाचित्रकार रविवारी लग्न टिपी, सोमवारी रोल लॅबमध्ये टाकी आणि मोकळा होई. एका रोलमध्ये ३६ चित्रे. दहा-बारा रोल म्हणजे मोठे लग्न. प्रत्येक खटक्याला पैसे पडत असल्याने माणूस विचार करून खटका दाबी.

१९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. एक चित्र कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. त्याच वाटेने आलेल्या लाटेत पुढे जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, हे सर्वश्रुत आहे. त्या लाटेत गल्लीतल्या छायाचित्रकाराच्या घरी काय घडले, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. फिल्मचा खर्च गेला म्हणून चित्रांची संख्या शेकड्यांतून हजारांत गेली आणि लॅब सुटली म्हणून तिचे काम संगणकाच्या रूपाने छायाचित्रकाराच्या झोपण्याच्या खोलीत आले. आधी तंबूत, मग स्टुडिओत, मग लॅबमध्ये असलेली अंधारखोली अशी घरात शिरली. हिशेब सरळ आहे. एका लग्नाची पाच हजार चित्रे व प्रत्येकावर निवडीसाठी पाच सेकंद धरले तरी जवळजवळ सात तास नुसत्या निवडीत जातात. रंग व उजेड सुधारणे पुढेच. आमच्या परिचिताची थोरली मुलगी लहानपणी त्याला ‘पाठमोरे बाबा’ म्हणे, असे त्याची पत्नी सांगते. त्यात विनोद किती आणि गाऱ्हाणे किती, हे आम्ही विचारले नाही.

आता आफ्टरशूट, इमॅजेन अशी साधने मिटलेल्या डोळ्यांची, हललेली व एकसारखी चित्रे बाजूला काढतात. छायाचित्रकाराने पूर्वी सुधारलेल्या हजारो चित्रांवरून त्याची रंगांची आवड शिकतात व तशीच नवी चित्रे सुधारतात. २०२३ पासून लाइटरूममध्ये अंधारातील चित्रांचे कण एका कळीसरशी निवळतात, तर फोटोशॉपमध्ये चार शब्द लिहिले की नको असलेला खांब जाऊन तिथे झाड उगवते. आमच्या परिचिताचे तीन रात्रींचे काम एका संध्याकाळीवर आले आहे. या सुटकेचा आम्हास मनापासून आनंद वाटतो.

परंतु वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न कोरड्या काचेच्या काळापासून उभा आहे. पूर्वी महिन्याने अल्बम घेणारे यजमान आता वरात घरी पोहोचण्यापूर्वी मोबाइलवर चित्रे मागतात. काम झटपट होते मग दर का कमी नाही, असेही विचारतात. त्याच्याकडे निवडीस बसणारा एक होतकरू मुलगा होता. त्याला आता दुसरीकडे काम शोधावे लागले. हा मुलगा चांगले चित्र ओळखायला शिकत होता तो वाईट चित्रे पाहूनच. आणखी एक बाब आहे. मिटल्या डोळ्यांचे चित्र यंत्र टाकून देते. पण कन्यादानाच्या वेळी वडिलांचे डोळे मिटलेलेच असतात. म्हणून टाकलेली चित्रे तो आजही एकदा स्वतः चाळतो. तेवढा वेळ त्याने यंत्राला दिलेला नाही.

खऱ्या-खोट्याचा वाद तर जगभर चालू आहे. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतील आपले पारितोषिक नाकारले, कारण त्याचे चित्र यंत्राने निर्मिलेले होते व परीक्षकांची पारख करण्यासाठीच आपण ते पाठविल्याचे त्याने सांगितले. आमच्या दिवाणखान्यातला प्रश्न एवढा मोठा नाही. तरीही आणखी दोन पिढ्यांनी या घरातील मुले तो साफाच खरा मानतील, आणि आपले पूर्वज कोणत्या दरबारी कोणती पगडी घालून उभे राहत, याचा घरातला एकमेव पुरावा असा सुबकपणे नाहीसा होईल, ही भीती आम्हास वाटते.

पुतण्याने केलेले चित्र आम्ही टाकलेले नाही. त्याच्या मागे ‘यंत्राने दुरुस्त केलेले, पगडी चुकीची’ असे तारखेसह लिहून मूळ चित्राशेजारी ठेवले आहे. आमचा छायाचित्रकार मूळ चित्रावरून हाताने पगडी पुरी करून देण्यास तयार आहे, पण त्याला नमुना हवा. सबब, ज्या सभासदांच्या घरी १९०० च्या आसपासचे, होळकरी पगडी डाव्या बाजूने स्पष्ट दिसणारे एखादे छायाचित्र असेल, त्यांनी ते आम्हास पाहावयास द्यावे. आम्ही ते जागेवरच टिपून घेऊ. भिंतीवरून उतरविण्याचीही तसदी देणार नाही.