खत कधी द्यावे? : ब्रॉडबाल्कच्या निचऱ्याची साक्ष

आमच्या घरी गव्हाला युरिया एकदाच पडे. पेरणीच्या वेळी वडील सगळे खत देऊन मोकळे होत. दुसऱ्या हप्त्याला मजूर कुठून आणायचा, हा त्यांचा सवाल असे. पहिल्या पाण्यानंतर गहू पिवळा दिसू लागला की ते बियाण्याला दोष देत. मी वाणिज्य शाखेचा. शेतीचा इतिहास वाचू लागलो तो चाळिशीनंतर, हौसेने. ‘खत किती’ याबद्दल पुष्कळ वाचायला मिळाले. ‘खत कधी’ या प्रश्नाचा माग काढताना मात्र मी थेट इंग्लंडमधल्या एका शेतात जाऊन पोहोचलो.

लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशर परगण्यात रोथॅमस्टेड आहे. तेथील ब्रॉडबाल्क या शेतात जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ साली हिवाळी गव्हाचा प्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. गव्हाला नत्र जमिनीतून द्यावेच लागते, हे त्यांनी याच शेताच्या आधारे लिबिगसारख्या दिग्गजाविरुद्ध ठामपणे मांडले. गिल्बर्ट हे स्वतः लिबिगचे विद्यार्थी, हे विशेष.

तिकडे गहू शरद ऋतूत पेरतात. थंडीत तो जेमतेम तग धरतो आणि वसंतात जोमाने वाढतो. लॉज-गिल्बर्ट अमोनियमचे क्षार पेरणीच्या सुमारासच देत. त्यात वावगे काही दिसत नव्हते. माती अमोनिया धरून ठेवते, हे जॉन थॉमस वे यांनी १८५०मध्ये दाखवले होते. मग तो हिवाळ्यात जाणार कुठे?

उत्तर पायाखाली होते. १८४९मध्ये ब्रॉडबाल्कच्या पट्ट्यांखाली भाजलेल्या मातीच्या निचरा-नळ्या घातल्या होत्या. १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रज्ञ ऑगस्टस व्होलकर यांनी या नळ्यांतल्या पाण्याचे पृथक्करण केले. पुढे एडवर्ड फ्रँकलंड यांनीही केले. पाण्यात अमोनिया नाममात्र होता, पण नायट्रेट भरपूर. आणि शरदात अमोनियम दिलेल्या पट्ट्यांचे हिवाळी पाणी त्यात आघाडीवर होते.

वे यांचे म्हणणे खोटे नव्हते, अपुरे होते. माती अमोनिया धरते. पण मातीतच त्याचे नायट्रेट होते, आणि नायट्रेट तिला धरवत नाही. हे रूपांतर सूक्ष्मजीव घडवतात, हे १८७७मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले. रोथॅमस्टेडच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी ते काम पुढे नेले. म्हणजे पीक झोपलेले असताना दिलेले खत पावसाच्या पाण्याबरोबर नळीतून वाहून जात होते.

ज्या नत्रासाठी लॉज-गिल्बर्ट लिबिगशी भांडले, तेच त्यांच्या शेतातून तीस वर्षे गळत होते. त्यांनी ते लपवले नाही. १८७०च्या दशकात बहुतेक पट्ट्यांचे अमोनियम वसंतात देणे सुरू झाले, आणि पंधरा क्रमांकाचा पट्टा मुद्दाम शरदातल्या खतावरच ठेवला. जुनी चूक अशी शेतातच जपली, तुलनेसाठी. पावसाळी हिवाळ्यानंतर तो पट्टा मागे पडे. कोरड्या हिवाळ्यानंतर फरक कमी होई.

या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. त्याच व्होलकर यांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस १८८९मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात आले. १८९३च्या त्यांच्या अहवालात त्यांनी इथल्या रयतेला अडाणी ठरवायचे नाकारले. उणीव आहे ती साधनांची, असे त्यांचे मत. शेण जाळावे लागते ते दुसरे सरपण नाही म्हणून, हे त्यांनी बारकाईने नोंदवले.

आज आपल्याकडे बागायती गव्हाला अर्धे नत्र पेरणीला आणि अर्धे सुमारे २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, पहिल्या पाण्याच्या वेळी देण्याची शिफारस आहे. इथे हिवाळा पावसाचा नाही. पण पाटाचे जादा पाणीही नायट्रेट खाली नेतेच. मागणीच्या वेळी पुरवठा, हे सूत्र तेच.

वडिलांना हे सांगायचे राहून गेले. त्यांची चूक लॉज-गिल्बर्ट यांनीही तीस वर्षे केली होती. फरक इतकाच, की आमच्या रानाखाली कुणी नळी घातलेली नव्हती.