मेलेली माती जिवंत करणारा इंजिनियर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना अडखळलो तिथे थोडी सफाई केली आहे, बाकी तसंच ठेवलंय.

शाळेत उत्प्रेरकाची व्याख्या पाठ केली होती, आठवतेय? रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः मात्र बदलत नाही, असा पदार्थ. दोन मार्क. मी पुढे बीटेकला केमिकल घेतलं आणि मग सगळ्यांसारखा आयटीत आलो, तरी ही व्याख्या डोक्यात तशीच होती. आजची गोष्ट ज्या माणसाची आहे, त्याचं अख्खं काम या व्याख्येच्या दुसऱ्या अर्ध्या भागाशी झगडण्यात गेलं. कारण कारखान्यात उत्प्रेरक बदलतो. घाण होतो, गुदमरतो, मरतो. पंधरा-वीस मिनिटांतसुद्धा मरतो.

माणसाचं नाव युजीन हूद्री. फ्रेंच लोक 'ह' गिळून 'ऊद्री' म्हणतात, आपण हूद्रीच म्हणू. जन्म 1892, पॅरिसजवळच्या दोमाँ गावी. वडिलांचा लोखंडी बांधकामाचा कारखाना. पोरगा मेकॅनिकल इंजिनियर झाला, 1911 साली. हे 'मेकॅनिकल' लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. पहिल्या महायुद्धात तो फ्रेंच रणगाडा दलात होता. एप्रिल 1917 मध्ये ज्युव्हँकूरच्या लढाईत भर गोळीबारात बिघडलेले रणगाडे दुरुस्त करून घेताना जबर जखमी झाला. त्यासाठी पदकही मिळालं.

युद्ध संपल्यावर दोन गोष्टी त्याच्या डोक्यात राहिल्या. एक, फ्रान्सकडे स्वतःचं तेल जवळपास नाही, आणि पुढचं युद्ध तेलावर लढलं जाणार. दुसरी, मोटारींचं वेड. 1922 मध्ये तो अमेरिकेत इंडियानापोलिसची शर्यत बघायला गेला, डेट्रॉइटला फोर्डचा कारखाना बघून आला. शर्यतीची गाडी चालवणाऱ्याला एक गोष्ट कानाने कळते: इंजिनातली खटखट. नॉकिंग. पेट्रोल हलकं असेल तर ते इंजिनात वेळेआधीच पेटतं, आणि जास्त ताकदीचं इंजिन बनवून काही उपयोग राहत नाही.

आता थोडं रसायनशास्त्र, घाबरू नका. कच्चं तेल म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लहान-मोठ्या साखळ्यांची खिचडी. पेट्रोलला लहान साखळ्या लागतात, पण तेलात जड, लांब साखळ्याच खूप. त्या तोडणं म्हणजे क्रॅकिंग. अमेरिकेत विल्यम बर्टन यांच्या पद्धतीने 1913 पासून हे नुसत्या उष्णतेवर आणि दाबावर चालू होतं. साखळ्या तुटायच्या, पण कशाही. गल्फ कंपनीत आल्मर मॅकॅफी यांनी 1915 च्या सुमारास ॲल्युमिनियम क्लोराइड हा उत्प्रेरक वापरला. चालला, पण कोळशाच्या चिखलात असा रुतायचा की परत मिळवणं महाग पडायचं.

हूद्रीची सुरुवात वेगळीकडून झाली. नीसमधले एक औषधविक्रेते, प्रुदॉम, हलक्या प्रतीच्या कोळशापासून, लिग्नाइटपासून, पेट्रोल बनवत असल्याचं त्याच्या कानावर आलं. फ्रान्सकडे लिग्नाइट आहे, मग तेल कशाला हवं? त्याने स्वतःचा पैसा ओतला. सरकारची मदत मिळाली, आणि 1929 मध्ये दिवसाला 60 टन लिग्नाइट घेणारा प्रात्यक्षिक कारखाना उभा राहिला. पेट्रोल निघालं, पण परवडेना. त्याच वर्षी बंद.

पण या खटाटोपात एक गोष्ट सापडली होती. लिग्नाइटसोबत जड तेलावरही प्रयोग चालू होते, आणि तिथे निकेलसारखे उत्प्रेरक काही मिनिटांत काजळीने भरून निकामी व्हायचे. एकामागून एक पदार्थ तपासत 1927 च्या सुमारास तो मातीपाशी आला. अगदी साधी चिकणमाती. आपल्या घरात फेसपॅकसाठी मुलतानी माती असते ना, तिच्या जवळच्या नात्यातली. तेल शुद्ध करणारे लोक तेलाचा रंग काढायला अशी माती आधीपासून वापरत होते. कुणाला तिच्यात याहून जास्त काही दिसलं नव्हतं. ॲसिडने धुतलेल्या या मातीवरून गरम तेलाची वाफ सोडली की साखळ्या तुटायच्या, आणि निघणारं पेट्रोल खटखट करायचं नाही. हूद्री ते स्वतःच्या बुगाटीत घालून तपासायचा. प्रयोगशाळा असावी तर अशी!

मातीत असं काय आहे? तिच्या कणात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकावर एक असतात, पापुद्रे सुटलेल्या खारीसारखे. काही ठिकाणी मूळ अणूच्या जागी कमी धन प्रभाराचा अणू बसलेला असतो, त्यामुळे थरावर थोडा ऋण प्रभार राहतो. तो भरून काढायला बाहेरून कुणीतरी चिकटतं. ॲसिडने धुतल्यावर तिथे हायड्रोजन आयन येऊन बसतो, म्हणजे माती स्वतःच घन रूपातलं ॲसिड होते. हे ॲसिड साखळीला प्रभार देतं, साखळी तुटताना मोडून-जोडून घेते आणि फांद्या फुटलेल्या साखळ्या तयार होतात. अशा साखळ्या इंजिनात शिस्तीत जळतात. हूद्रीला यातलं बरंचसं ठाऊक नव्हतं. स्पष्टीकरण रसायनशास्त्रज्ञांनी नंतर दिलं.

तरीही माती मरतच होती. तिच्यावर कोक साचायचा आणि काम थांबायचं. इथे रसायनशास्त्रज्ञ काय करेल? कोक न धरणारा उत्प्रेरक शोधत बसेल. हूद्री मेकॅनिकलवाला. त्याने मान्य केलं की माती मरणार. मग तिला वेळापत्रकानुसार मरू देऊ आणि वेळापत्रकानुसार जिवंत करू! काही मिनिटं तेलाची वाफ सोडायची, मग झडपा फिरवून आतली वाफ काढून टाकायची, मग हवा सोडून कोक तिथेच जाळायचा, पुन्हा साफ करायचं, पुन्हा तेल. शेजारी शेजारी अनेक भांडी, एक काम करतंय तेव्हा दुसरं स्वच्छ होतंय. झडपा घड्याळावर आपोआप फिरणार. जळणाऱ्या कोकची उष्णता वितळलेल्या मिठात शोषून घ्यायची, आणि बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर टर्बाइन फिरवून त्यावरच हवेचा कॉम्प्रेसर चालवायचा. माझ्या मते हूद्रीचा खरा शोध हा आहे. माती तर सगळ्यांच्या पायाखाली होती.

फ्रान्समध्ये कुणी पुढे येईना. 1930 मध्ये व्हॅक्यूम ऑइल कंपनीच्या बोलावण्यावरून तो अमेरिकेला गेला, न्यू जर्सीतल्या पॉल्सबोरोला. तेव्हा जागतिक मंदी ऐन भरात होती. पैसा आटत गेला, 1933 मध्ये सन ऑइल कंपनी भागीदार म्हणून आली आणि काम वाचलं. 1936 मध्ये पॉल्सबोरोला दिवसाला 2,000 बॅरलचं युनिट सुरू झालं. 1937 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हूकला 12,000 बॅरलचं. तिथल्या उत्पादनात जवळजवळ निम्मं उच्च ऑक्टेनचं पेट्रोल होतं. उष्णतेवरच्या जुन्या पद्धतीत ते चौथा हिस्सा असायचं.

मग दुसरं महायुद्ध आलं. विमानांना 100 ऑक्टेनचं इंधन हवं होतं. इंटरनेटवर कधी कधी वाचायला मिळतं की ब्रिटनची हवाई लढाई हूद्रीच्या पेट्रोलने जिंकली. हे फार ताणलेलं आहे, 100 ऑक्टेनसाठी आणखीही प्रक्रिया लागत होत्या. पण अमेरिका युद्धात उतरली तेव्हा उत्प्रेरकाने बनणाऱ्या विमान-पेट्रोलचा बहुतांश भाग हूद्री युनिटांतूनच येत होता, हे खरं.

आणि त्याच काळात त्याचा स्वतःचा देश पडला होता. हूद्रीने अमेरिकेत द गॉलच्या बाजूने उभ्या राहिलेल्या 'फ्रान्स फॉरेव्हर' संघटनेचं अध्यक्षपद घेतलं. 1941 मध्ये विशी सरकारने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. ज्या देशाला तेल मिळावं म्हणून घरचे पैसे घातले, त्याच देशाच्या सरकारने! 1942 च्या जानेवारीत तो अमेरिकन नागरिक झाला.

त्याच वर्षी त्याची पद्धतही जुनी ठरायला लागली. हूद्रीच्या परवान्याची फी इतकी जबर होती की न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने इतर कंपन्यांना सोबत घेऊन पर्याय शोधला. एमआयटीच्या लुईस आणि गिलिलँड यांची कल्पना अशी की उत्प्रेरकाची बारीक पूड करा, वाफेत ती पाण्यासारखी वाहते. मग भांडी थांबवायची गरजच नाही, पूडच एका भांड्यात काम करेल आणि दुसऱ्यात जाऊन कोक जाळून येईल, अखंड. 25 मे 1942 ला बॅटन रूजला हे सुरू झालं. सॉफ्टवेअरवाल्यांनो, हूद्रीचं भांडं म्हणजे सगळं थांबवून कचरा गोळा करणारा प्रोग्रॅम, आणि हा चालता चालता करणारा. आज आपल्या मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांमध्येही हीच वाहत्या पुडीची पद्धत आहे. 1960 च्या दशकात मोबिलच्या प्लँक आणि रोझिन्स्की यांनी झिओलाइट आणलं, तरी त्या पुडीत पांढरी केओलिन माती अजूनही मिसळतात.

हूद्री मात्र दुसरीकडे वळला होता. 1950 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरक्याबद्दल वाचून त्याला वाटलं, आपणच ज्या गाड्यांना पेट्रोल दिलं त्यांच्या धुराचंही बघायला हवं. ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढून त्याने गाडीच्या धुराड्यात बसणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बनवला, 1956 मध्ये पेटंट मिळालं. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये नॉकिंग टाळायला शिसं घालत, आणि शिसं उत्प्रेरकाला मारून टाकतं. हे मरण कोकसारखं जाळून घालवता येत नाही. 1962 मध्ये हूद्री वारला तेव्हा त्याचा कन्व्हर्टर एकाही कारखान्यातून गाडीवर बसून येत नव्हता. अमेरिकेत तो 1975 पासून आला, बिनशिशाच्या पेट्रोलसोबत. मुंबईसह आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना 1995 च्या एप्रिलपासून तो सक्तीचा झाला.

परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मेकॅनिककडे एक जुना कापलेला कन्व्हर्टर पडला होता. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा अगदी पातळ थर. भाव त्या धातूंना. जाळी मात्र सिरॅमिकची, आणि ते सिरॅमिक केओलिन माती भाजून बनवतात.